डेन्मार्कचा मुकुट, तंजावरची जमीन

तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचं तरंगंबाडी. नगरवेशीतून आत शिरलं की रस्ता नाकासमोर समुद्राकडे जातो. याच किंग्स स्ट्रीटवर ही पांढरीशुभ्र इमारत आहे. जरा वर बघा: दर्शनी भिंतीवर मुकुट आणि त्याखाली राजाची मुद्राक्षरं. हा राजा डेन्मार्कचा, चौथा फ्रेडरिक. चर्चचं नाव न्यू जेरुसलेम, साल १७१८.

डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांनी १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून इथे जागा मिळवली आणि किल्ला बांधला. पुढे तंजावर व्यंकोजीराजांकडे आलं. म्हणजे हे चर्च उभं राहत होतं तेव्हा डेन्मार्कचे लोक खंडणी भरत होते ती भोसल्यांना! गादीवर होते पहिले सरफोजी. भिंतीवरचा मुकुट मात्र हे काही सांगत नाही.

बांधणारा माणूस जर्मन मिशनरी होता. बार्थोलोमेयस त्सिगेनबाल्ग ९ जुलै १७०६ रोजी इथे उतरला, तेव्हा त्याला चोवीस वर्षं पुरी व्हायला एकच दिवस उरला होता. तमिळ शिकायला तो पंतोजींच्या शाळेत पोरांच्या रांगेत बसला आणि वाळूत बोटाने अक्षरं गिरवू लागला. त्याला धर्मप्रसारासाठी पाठवलं होतं खुद्द डेन्मार्कच्या राजाने, तरी बंदरावरच्या डॅनिश अधिकाऱ्याशी त्याचं फाटलं आणि त्याने चार महिने कैद भोगली. १७१५ मध्ये त्याने बायबलमधला नवा करार तमिळमध्ये छापून काढला.

१७०७ चं पहिलं जेरुसलेम चर्च अपुरं पडू लागलं होतं. पुढे ते समुद्राच्या माऱ्यात गेलं. ९ फेब्रुवारी १७१७ रोजी नव्या चर्चची पायाभरणी झाली.

आता आत या. आराखडा क्रुसाचा, पण चारही बाहू जवळपास सारखे. हे चर्च लुथरन, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या प्रोटेस्टंट पंथाचं. लुथरन उपासनेत प्रवचनाला मोठा मान. लांबलचक दालनात मागच्या रांगेला शब्द पोचत नाही. इथे कुठेही बसा, मधला भाग जवळच. बसण्याची गोष्ट निघालीच आहे तर हेही सांगायला हवं: या मिशनच्या चर्चमध्ये वेगवेगळ्या जातींचे ख्रिस्ती बराच काळ एकमेकांपासून अंतर ठेवून बसत. भिंती नव्या होत्या, माणसं जुनीच.

११ ऑक्टोबर १७१८ रोजी चर्च उपासनेसाठी खुलं झालं. त्सिगेनबाल्गला ते जेमतेम साडेचार महिने लाभलं. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तो गेला. त्याची कबर इथेच, वेदीसमोर आहे.

२००४ च्या त्सुनामीने या इमारतीचंही नुकसान केलं. डागडुजी होऊन २००६ मध्ये ती पुन्हा खुली झाली. आज ती तमिळ इव्हँजेलिकल लुथरन चर्चकडे आहे.

मराठी माणसाने मात्र इथून पुढे तंजावरलाही जावं. १७५० मध्ये याच मिशनमध्ये आलेला श्वार्त्झ नावाचा पाद्री पुढे तंजावरला गेला. दरबारात वावरायचं म्हणून मराठीही शिकला. १७८७ मध्ये मृत्युशय्येवरच्या तुळजाराजांनी आपला दत्तक मुलगा त्याच्या भरवशावर सोडला. तेच दुसरे सरफोजी, सरस्वती महाल ग्रंथालयाला वैभव देणारे.

श्वार्त्झ १७९८ मध्ये वारला. त्याच्या तंजावरच्या चर्चमध्ये सरफोजीराजांनी संगमरवरी शिल्प बसवलं, लंडनचा शिल्पकार फ्लॅक्समन याच्याकडून करवून घेतलेलं. पलंगावर म्हातारा पाद्री, आणि त्याचा हात हातात घेऊन उभा असलेला भोसल्यांचा राजा.