पुड्यावरच्या उष्मांकांबद्दल शंका कुठे घ्यावी

मित्रहो,

बिस्किटाच्या पुड्यामागे पोषणमूल्यांचा जो चौकोन छापलेला असतो, त्यात ऊर्जेचा आकडा बहुधा सर्वांत वर असतो: दर १०० ग्रॅमला इतक्या किलोकॅलरी. या आकड्याकडे पाहणारी माणसे मला दोन प्रकारची आढळतात. काही जण तो प्रमाण मानून दिवसाचा पै-पैचा हिशेब मांडतात, तर काही जण ‘हे सगळे खोटेच असते’ असे म्हणून तिकडे ढुंकूनही पाहत नाहीत. या दोन्ही भूमिका मला मान्य नाहीत. शंका अवश्य घ्यावी, परंतु ती नेमक्या जागी घ्यावी. पाव, टोस्ट, खारी, नानकटाई आणि बिस्किटे यांच्या बाबतीत ती जागा शाळेतल्या गणिताने सापडू शकते, हे आज तुमच्यापुढे मांडायचे आहे.

प्रथम हा आकडा येतो कुठून ते पाहू. तुम्ही हातात घेतलेल्या पुड्यातली बिस्किटे कोणी जाळून मोजलेली नसतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील कनेटिकट राज्यात, मिडलटाउनच्या वेस्लियन विद्यापीठात, विल्बर ॲटवॉटर या रसायनशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अन्नपदार्थ बंद पोलादी भांड्यात प्राणवायूच्या दाबाखाली जाळून त्यांतून किती उष्णता निघते ते मोजले. कर्बोदकांच्या एका ग्रॅममागे सुमारे ४.१, मेदाच्या ९.४ आणि प्रथिनांच्या ५.६५ किलोकॅलरी मिळाल्या. मग माणसांच्या मलमूत्रावाटे त्यातले किती न वापरता बाहेर पडते याचे प्रयोग करून ती वजावट केली, आणि पूर्णांकात आणून ४, ९ आणि ४ हे तीन आकडे जगाला दिले. आजही बहुतेक देशांतील लेबले याच तीन आकड्यांवर चालतात. लेबलावर ७७ ग्रॅम कर्बोदके, ७ ग्रॅम प्रथिने आणि १३ ग्रॅम मेद लिहिला असेल, तर ३०८, २८ आणि ११७ यांची बेरीज ४५३ होते आणि ऊर्जेचा आकडा त्याच्या आसपास असायला हवा. तो तसा नसेल, तर लेबल स्वतःलाच खोटे पाडत आहे असे समजावे.

मात्र ही बेरीज जुळली एवढ्यावर समाधान मानू नये, कारण ज्या आकड्यांची बेरीज केली ते आकडेही शंकेच्या पलीकडचे नसतात. प्रयोगशाळेत ओलावा, प्रथिने, मेद आणि क्षार मोजले जातात. कर्बोदके मात्र सहसा मोजत नाहीत, तर बाकी सगळ्यांची बेरीज १०० मधून वजा करून जे उरते त्याला कर्बोदके म्हणतात. म्हणजे इतर सर्व मोजणींतली चूक याच रकान्यात येऊन साठते. यातून एक फार उपयोगी गोष्ट निघते. प्रथिने आणि कर्बोदके या दोन्हींचा भाव, म्हणजे दर ग्रॅममागची ऊर्जा, ४ असल्यामुळे प्रथिनांची मोजणी चुकली तरी एकूण ऊर्जेत फरक पडत नाही. एका रकान्यातून निघालेला ग्रॅम दुसऱ्यात जातो इतकेच. मेदाचे तसे नाही. मेदाचा प्रत्येक ग्रॅम कर्बोदकाच्या जागी आला की ऊर्जा ५ ने वाढते. आणि ओलाव्याला ऊर्जाच नसते. म्हणून भट्टीतल्या पदार्थाची ऊर्जा जवळजवळ संपूर्णपणे दोनच गोष्टींवर ठरते: त्यात पाणी किती आणि मेद किती.

आता हाच हिशेब उलट बाजूने करू. कोरड्या बिस्किटात पाणी ४ ग्रॅम आणि क्षार २ ग्रॅम धरले, तर उरलेल्या ९४ ग्रॅमला ४ ने गुणून ३७६ येतात. मेदाचा एकही कण नसला तरी हा आकडा येतो. मेद १५ ग्रॅम असेल तर ४५१, २० असेल तर ४७६, आणि थरांमध्ये डालडा किंवा लोणी मुरवलेल्या खारीत २८ असेल तर ५१६. म्हणून १८ ग्रॅम मेद असलेली कुरकुरीत कुकी दर १०० ग्रॅमला ३२० किलोकॅलरीची आहे असे कोणी छापले, तर ते मान्य करण्यापूर्वी कारण विचारले पाहिजे, कारण आपला हिशेब ४६६ सांगतो. ‘त्यात तंतू (फायबर) आहेत’ असे उत्तर येईल. युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमाप्रमाणे तंतूंचा भाव २ धरतात, म्हणजे तंतूंच्या प्रत्येक ग्रॅममागे २ ची सूट मिळते. १४६ ची तफावत भरून काढायला ७३ ग्रॅम तंतू लागतील, आणि असे बिस्किट कोणी आवडीने खाईल असे मला वाटत नाही. साखरेऐवजी माल्टिटॉल हे गोडी आणणारे द्रव्य वापरले असेल तर त्याच नियमानुसार त्याचा भाव २.४ धरतात, ३० ग्रॅम माल्टिटॉलने सूट मिळते ४८ ची. ‘शुगर फ्री’ बिस्किटातला मैदा आणि मेद जागच्या जागीच असतात, ही गोष्ट मधुमेही माणसाला कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवी, आणि म्हणून ती मी इथे सांगतो आहे.

पाण्याचा भाग याहून अधिक फसवा आहे. साध्या पावात पाणी ३७ ग्रॅमच्या आसपास असते. त्यामुळे दर १०० ग्रॅमला त्याची ऊर्जा २६० च्या घरात राहते. तोच पाव भट्टीत पुन्हा वाळवून त्यातले पाणी ५ ग्रॅमवर आणले की दर १०० ग्रॅमचा आकडा ३९० वर जातो. टोस्ट करताना वरून साखर आणि तूप घातले की तो आणखी चढतो. आपल्याकडे आजाऱ्याला, म्हाताऱ्या माणसाला ‘हलके’ म्हणून चहाबरोबर टोस्ट देतात. तो वजनाला हलका असतो हे खरे, कारण त्यातले पाणी गेलेले असते. पण २५ ग्रॅमच्या पावाच्या चकतीत जेवढी ऊर्जा होती, तेवढीच ती वाळवून उरलेल्या १७ ग्रॅममध्येही असते. दर १०० ग्रॅमचे आकडे शेजारी ठेवून पाव बरा की टोस्ट बरा हे ठरवणारा माणूस खरे तर दोघांतल्या पाण्याची तुलना करत असतो. पावाला तपकिरी रंग आणि वर ओट्सचे चार दाणे असले, तरी पाण्याचा आणि मेदाचा हिशेब बदलत नाही.

लहान बेकऱ्यांच्या बाबतीत जी चूक होण्याचा धोका मला सर्वांत मोठा वाटतो, तीही पाण्याशीच निगडित आहे. पाककृतीवरून, म्हणजे मैदा, साखर, तूप यांच्या तक्त्यातल्या मूल्यांवरून ऊर्जा काढणे यात गैर काही नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये ५२८ अन्नपदार्थांची मूल्ये प्रसिद्ध केली आहेत आणि ती चांगली आहेत. मात्र भागाकार कोणत्या वजनाने केला, हा खरा प्रश्न आहे. समजा, १ किलो मळलेल्या गोळ्यातून भट्टीनंतर ८५० ग्रॅम माल निघाला. ऊर्जा कच्च्या वजनाने भागली, तर लेबलावरचा आकडा खऱ्यापेक्षा इतका कमी पडतो की प्रत्यक्षातला आकडा त्याहून १७-१८ टक्क्यांनी जास्त असतो. यात कोणाचा वाईट हेतू असावा लागत नाही. प्रयोगशाळेतही अशी एक खोच आहे: भाजताना मेद पिष्टात आणि प्रथिनांत अडकून बसतो, तो आधी आम्लाने मोकळा न करता थेट ईथर या मेद विरघळवणाऱ्या द्रवाने काढला तर कमी भरतो. आणि मेद कमी भरला की काय होते, ते आपण वर पाहिलेच.

माणसाच्या पचनाबद्दलची शंका वेगळी आहे. ॲटवॉटरचे आकडे मिश्र आहाराच्या सरासरीवर आधारलेले आहेत, त्यामुळे काही पदार्थांच्या बाबतीत ते चुकतात. अमेरिकेच्या कृषी खात्यातील संशोधकांनी २०१२ मध्ये बदाम खाऊ घालून मोजले, तेव्हा २८ ग्रॅम बदामांतून १७० च्या जवळपास नव्हे, तर १२९ किलोकॅलरीच शरीराला मिळाल्या, कारण बदामाच्या पेशींच्या भिंती न फुटता तशाच बाहेर पडतात. हा दाखला देऊन पुष्कळ जण म्हणतात की लेबल नेहमी जास्तच सांगते. बारीक दळलेल्या, भिजवलेल्या आणि भाजलेल्या मैद्याला ही सवलत लागू होत नाही. त्यातले पिष्ट जवळजवळ सगळे पचते. तेव्हा नानकटाईवर लावलेला बदामाचा तुकडा थोडी सूट मिळवून देईल, पण नानकटाई ती देणार नाही.

आता आकडा बरोबर आहे असे मानले, तरी तो आपल्या तोंडात जाणाऱ्या पदार्थाचा आहे का? आपल्याकडच्या वेष्टनबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांत वजनाला सूट आहे: ५० ग्रॅमपर्यंतच्या पुड्यात ९ टक्के, १०० ते २०० ग्रॅमच्या पुड्यात ४.५ टक्के. ही सूट कमी भरण्याची आहे. वजन कमी पडू नये म्हणून कारखानदार किंचित जास्तच भरतो, आणि ते जास्तीचे वजन लेबलाच्या हिशेबात येत नाही. अमेरिकेत लेबलापेक्षा प्रत्यक्ष उष्मांक २० टक्क्यांपर्यंत जास्त निघाले तरी ते नियमात बसते. तिथे राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांनी हे लक्षात ठेवावे. अमेरिकेतच २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत खाऊचे २४ पाकीटबंद प्रकार तपासले, तेव्हा उष्मांक लेबलापेक्षा ४.३ टक्के जास्त निघाले. यावरून मला असे वाटते की मोठ्या उत्पादकांच्या लेबलावरचा दर १०० ग्रॅमचा आकडा कामापुरता विश्वासार्ह असतो.

मोठी तफावत त्याच्या शेजारच्या रकान्यात असते. आपल्याकडे एका वेळच्या प्रमाणातून दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग मिळतो हे छापतात, आणि ती गरज सर्वांसाठी २००० किलोकॅलरी धरतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत बैठे काम करणाऱ्या स्त्रीची गरज १६६० आहे. म्हणजे लेबलावर ज्याला ५ टक्के म्हटले, ते तिच्यासाठी ६ आहे. शिवाय ‘एका वेळचे प्रमाण’ किती बिस्किटांचे धरायचे, हे उत्पादकच ठरवतो. पुडा उघडून चहाबरोबर किती बिस्किटे संपतात, हे ज्याचे त्याने घरी पाहावे. स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा या ठिकाणी लेबलापेक्षा अधिक उपयोगी पडतो, कारण खाल्लेले ग्रॅम आणि दर १०० ग्रॅमचा आकडा यांचा गुणाकार कोणालाही करता येतो.

आणि आकडा खरोखरच अशक्य वाटला, तर? २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याच्या ४० व्या कलमाने ग्राहकाला एक अधिकार दिला आहे, जो फारच थोड्यांना माहीत आहे. कोणताही खरेदीदार शुल्क भरून अन्नविश्लेषकाकडून पदार्थाची तपासणी करून घेऊ शकतो; फक्त आपण तपासणीसाठी घेत आहोत हे खरेदी करतानाच विक्रेत्याला सांगावे लागते, आणि पदार्थ कायद्यात बसत नाही असा अहवाल आला तर शुल्क परत मिळते. चुकीच्या लेबलासाठी ५२ व्या कलमाखाली ३ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एकट्याने हे करणे महाग पडेल, पण एखाद्या वसाहतीने किंवा ग्राहक मंडळाने वर्गणी काढून आपल्या भागात सर्रास विकल्या जाणाऱ्या ‘डाएट’ कुकीची तपासणी करून घेणे मुळीच अवघड नाही. अर्ज करताना ऊर्जेबरोबर ओलावा आणि मेदही मोजून द्यावा आणि मेद आम्लाच्या पद्धतीने काढावा, असे स्पष्ट लिहावे.