एक माणूस, एक मत आणि त्याचा पगार

(ध्वनी: सभागृहातला सामूहिक हुंकार)

हा हुंकार ऐका. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या आयईटीएफच्या बैठकीत हात मोजून निर्णय होत नाही. अध्यक्ष विचारतात, हे कुणाला पटतंय? सभागृह हुंकार देतं आणि त्यावरून अंदाज घेतला जातो. १९८६ साली सॅन डिएगोत २१ जणांच्या बैठकीतून सुरू झालेल्या या मंडळात कंपनी सदस्य होऊ शकत नाही. येणारा स्वतःच्या नावानं येतो.

त्याचं विमानाचं तिकीट मात्र बहुतेकदा कंपनीनं काढलेलं असतं.

(दृश्य: वेगात धावणारी रेल्वे, खिडकीत मोबाईल)

वाय-फायचं मानक जिथे घडलं, त्या आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेच्या ८०२ समितीतही मत माणसाचंच. ते मिळतं बैठकांना हजेरी लावून. म्हणजे ज्याला जास्त माणसं जगभर पाठवणं परवडतं, त्याच्याकडे जास्त मतं जमू शकतात. याच समितीच्या ८०२.२० या गटात हेच दुखणं उघडं पडलं. ताशी २५० किलोमीटर वेगाच्या गाडीतही चालेल असं वायरलेस इंटरनेट त्यांना हवं होतं. काम २००२ च्या अखेरीस सुरू झालं. जून २००६ मध्ये आयईईईनं गटाचं काम काही महिन्यांसाठी थेट थांबवलं. कारणं सांगितली ती अशी: पारदर्शकतेचा अभाव आणि वर्चस्वाची शक्यता. सल्लागार म्हणून बसलेला माणूस नेमका कुणासाठी बोलतोय, हेच कळेनासं झालं होतं. पुढच्या वर्षी या गटापुरता नियम बदलला: एका संस्थेला एकच मत. २००८ मध्ये मानक मंजूर झालं.

हा उपाय मला पुरेसा वाटत नाही. संस्थेला मत दिलं की एकटा प्राध्यापक, स्वतंत्र प्रोग्रामर दाराबाहेर राहतो, आणि चूक दाखवणारा माणूस अनेकदा तोच असतो.

(दृश्य: आकड्यांच्या रांगा, त्यातून निवडली जाणारी नावं)

आयईटीएफची वाट मला अधिक प्रामाणिक वाटते. तिथे नेतृत्व निवडणाऱ्या समितीत मताचा अधिकार असलेले १० जण असतात. स्वयंसेवकांमधून ते सोडतीनं निघतात. प्रत्येकानं आपण कुठे काम करतो हे आधीच सांगायचं. सोडतीसाठी लॉटरीच्या निकालासारखे सार्वजनिक आकडे वापरतात. कोणते, ते आधी जाहीर होतं. त्यामुळे घरबसल्या कुणीही ती पडताळू शकतो. एकाच कंपनीतली दोन नावं निघाली, की तिसरं नाव बाजूला ठेवून पुढचं घेतात.