पहिली इजा रस्त्यावर, दुसरी वॉर्डात

(जागतिक परिचारिका दिनानिमित्त नर्सिंगचे विद्यार्थी आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर एका निवृत्त परिसेविकेने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

न्यूरोसर्जरी वॉर्डातली माझी पहिली नाइट. पाळी बदलताना रुग्णांची ओव्हर देणाऱ्या सिस्टरांनी सांगितलं होतं, जो ओरडतोय त्याच्याकडे नंतर गेलीस तरी चालेल, गप्प झालेल्याकडे आधी जा. मी मान डोलावली आणि विसरले. मोटारसायकलवरून पडलेला एक पोरगा संध्याकाळी बोलत बोलत दाखल झाला होता. अकराच्या सुमारास त्याच्या वडिलांनी मला थांबवलं. "सिस्टर, आत्ता कुठे डोळा लागलाय, उठवू नका." मलाही ते बरंच वाटलं. तासाभराने गेले तर पोरगा घोरत होता. टॉर्च मारला, उजवी बाहुली मोठी आणि हलेना. धावपळ झाली, ऑपरेशन थिएटरमध्ये नेला, सुदैवाने वाचला. सकाळी इन्चार्ज सिस्टर माझ्यावर ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "शेवटचं नीट बोलला तेव्हा किती वाजले होते?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तो एक तास माझ्या डोक्यातून आजवर गेलेला नाही. आजचं बोलणंही त्या तासाबद्दलच आहे.

मेंदूला किंवा मज्जारज्जूला मार बसतो तो क्षणात. आंब्यावरून, नारळावरून पडतात, दहीहंडीच्या थरावरून पडतात, गाडीवरून तर रोज पडतात. त्या क्षणी ज्या पेशी मेल्या त्या मेल्या, त्यांना तुम्ही-आम्ही काही करू शकत नाही. पण इजा तिथे थांबत नाही. पुढचे तास, पुढचे दिवस सूज येते, रक्त साकळतं, प्राणवायू कमी पडतो, रक्तदाब पडतो आणि शेजारच्या धडधाकट पेशीही जायला लागतात. हिला दुय्यम इजा म्हणतात. पहिली इजा रस्त्यावर होते, दुसरी वॉर्डात होते, आणि दुसरीच्या वेळी आपण तिथे हजर असतो.

शुद्ध मोजायची पट्टी तुम्ही सगळे पाठ करून आला असाल. १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी ती मांडली. डोळे उघडण्याचे चार गुण, बोलण्याचे पाच, हालचालीचे सहा. सगळ्यात कमी तीन, सगळ्यात जास्त पंधरा. आठ किंवा खाली म्हणजे गंभीर. त्याआधी एक जण 'गुंगीत' लिहायचा, दुसरा 'अर्धवट शुद्धीत', आणि रुग्ण बिघडतोय की सुधारतोय हे दोघांच्या भाषेत अडकायचं. पट्टीने तो गोंधळ मिटवला. पण नुसता 'अकरा' लिहून मोकळं होऊ नका, तीन आकडे वेगवेगळे लिहा. बेरीज तीच राहते आणि आतला माणूस बदललेला असतो. दुसरं, "माझं बोट दाबा" म्हटल्यावर दाबलं तर खूश होऊ नका. तळहाताला काही लागलं की मूठ आपोआपही वळते. "आता सोडा" म्हणा. सोडलं, तर त्याला कळलं. आणि प्रश्न त्याच्या भाषेत विचारा. बिहारहून आलेल्या बांधकाम मजुराला "तुम्ही आत्ता कुठे आहात?" असं मराठीत विचारून त्याचे गुण कापलेले मी पाहिले आहेत. तो शुद्धीत होता, त्याला मराठी येत नव्हतं.

रक्तदाब वाढतोय, नाडी मंदावतेय, श्वास वेडावाकडा होतोय, हे तिन्ही एकदम दिसले की कवटीतला दाब फार वाढला. पुस्तकात हे चिन्ह म्हणून दिलंय, पण ते उशिराचं चिन्ह आहे. त्याच्या आधी माणूस नुसता चिडचिडा होतो, पुन्हा पुन्हा तेच विचारतो, सुस्त होतो. हे पहिल्यांदा कुणाला कळतं? आईला. "आमचा हा असा नाही हो," असं ती म्हणाली की मॉनिटर काहीही म्हणो, टॉर्च घेऊन जा.

उशीचं सांगते. डोक्याच्या रुग्णाचं डोकं साधारण तीस अंश वर ठेवायचं आणि मान सरळ, म्हणजे मेंदूतलं रक्त खाली उतरायला वाट मिळते. मान एका बाजूला कललेली असली किंवा ट्रेकिओस्टॉमीची, म्हणजे श्वासासाठी गळ्यात बसवलेल्या नळीची, दोरी मानेभोवती करकचून बांधली असली, तर आपणच तो रस्ता अडवतो. आता गंमत बघा. डोकं वर केलं की माणूस हळूहळू खाली घसरतो. घसरताना कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं हाड पुढे सरकतं, माकडहाडावरची कातडी आतून सोलवटते. डोक्याला मानवलं ते पाठीला बाधलं. म्हणून गुडघ्यांखाली थोडा आधार द्यायचा. आणि मणकाही मोडला असल्याची शंका असेल तर बॅकरेस्ट, म्हणजे पलंगाचा पाठीकडचा भाग, वर करायचाच नाही, अख्खा पलंग डोक्याकडून उचलायचा. एकाच रुग्णाला दोन्ही मार लागलेले असतात, हे केसपेपरवर बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी येतं.

मणक्याचं बोलते. आपल्याकडे पडलेल्याला दोघं जण उचलतात, एक खांद्याला धरतो, दुसरा पायांना, मधला माणूस झोळीसारखा लोंबतो आणि तसाच रिक्षात कोंबला जातो. मदत करणाऱ्यांचं मन चांगलंच असतं. पण तिथे हाललेला मणका मज्जारज्जूला चेपू शकतो. फळी, दार, काहीही सपाट मिळवा, मान दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि ओंडका लोटावा तसं अंग एकसंध वळवा. वॉर्डातही तेच. डोकं धरणारा हुकूम देणार, बाकीच्यांनी त्याच्या आकड्यावर वळवायचं. तिथे डॉक्टर असला आणि डोकं मावशींनी धरलं असलं, तर हुकूम मावशींचा.

आता बेडसोर, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणारी जखम. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझी निम्मी नोकरी यात गेली.

पहिल्या महायुद्धात पाठीला गोळी लागून लुळे पडलेले सैनिक बहुतेक सगळे दगावले. त्यांना मारलं ते गोळीने नाही, बेडसोरने आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने. 'याला आता काही करण्यासारखं नाही' म्हणून त्यांना वॉर्डाच्या कोपऱ्यात ठेवलं जायचं. लुडविग गटमन हे जर्मनीतून हिटलरपासून निसटून इंग्लंडला आलेले ज्यू डॉक्टर. १९४४ मध्ये त्यांनी तिथल्या स्टोक मॅंडेव्हिल रुग्णालयात मणक्याचा विभाग सुरू केला. तिथे त्यांनी कुठलं नवं औषध आणलं नाही. दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्री, प्रत्येक रुग्णाला वळवायचं, एवढं लावून धरलं. पुढे १९४८ मध्ये त्याच रुग्णालयाच्या आवारात चाकाच्या खुर्चीतल्या सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली, तिचीच पुढे पॅरालिम्पिक झाली. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमधून पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. पदकाचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय. पण जखमी माणूस पाण्यात उतरायचा तर आधी त्याची कातडी शाबूत असावी लागते, आणि ती कुणीतरी राखलेली असते.

अरुणा शानबाग हे नाव तुम्ही कायद्याच्या संदर्भात ऐकलं असेल. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली आपल्यासारखीच परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिच्यावर रुग्णालयातच हल्ला झाला, गळा आवळला गेला, मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. १८ मे २०१५ ला ती गेली. मधली जवळजवळ बेचाळीस वर्षं तिला केईएमच्या परिचारिकांनी सांभाळलं. मधल्या काळात तिथे लागलेल्या कितीतरी मुलींनी तिला कधी चालताना पाहिलेलंही नव्हतं. २०११ मध्ये तिच्या दयामरणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा तिथे एक गोष्ट नोंदली गेली की इतक्या वर्षांत तिला बेडसोर झालेला नाही. दयामरणाबद्दल तुमचं मत काहीही असो. दर दोन तासांनी, तीन पाळ्यांत, इतकी वर्षं, याचा हिशेब घरी जाऊन करा. न झालेल्या जखमेचा केसपेपर नसतो, त्यामुळे हे काम कुणाला दिसतही नाही.

जखम कशी होते? हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेपतं, रक्त पोचत नाही. कातडीवर दिसतं तेव्हा आत बरंच झालेलं असतं. लाल डाग बोटाने दाबा. पांढरा पडून परत लाल झाला तर वेळ आहे. तसाच लाल राहिला तर नुकसान सुरू झालं. पण आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही, तिथे हात लावून बघायचं, शेजारच्या कातडीपेक्षा गरम आहे का, टणक लागते का. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे. बेशुद्ध रुग्णाचं डोकं मागून बघा, केसांत लपलेलं असतं. मानेला कॉलर असेल तर हनुवटीखाली बघा. आमच्या वेळी स्पिरिट आणि पावडर लावून पाठ चोळायचो, मीही वर्षानुवर्षं चोळली. आता कळतं, लाल झालेल्या जागी चोळणं म्हणजे दुखावलेल्या मांसाला आणखी दुखावणं. हवेची ती गोल रिंगही नको. ती मधला भाग सोडवते आणि कडेने रक्त अडवते. एअर बेड घेतला म्हणजे वळवायचं काम सुटलं, असंही समजू नका. आणि घरच्यांनो, गरम पाण्याच्या पिशवीने शेक देऊ नका. मज्जारज्जूच्या रुग्णाला चटका कळत नाही. प्रेमाने भाजलेले पाय मी कितीतरी पाहिलेत.

लघवीबद्दल बोलायला लोक लाजतात. मज्जारज्जूच्या रुग्णाचं मूत्राशय भरलं तरी त्याला कळत नाही, किंवा कळलं तरी सोडता येत नाही. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या जॅक लॅपिड्स यांनी सांगितलं की दर काही तासांनी रुग्णाने स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामं करावं, आणि त्यासाठी निर्जंतुक हातमोजे नकोत, धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरे. आम्हाला शिकवलेलं सगळं सोवळं-ओवळं त्याने मोडलं. मूत्राशय तुडुंब ताणलं जातं, भिंतींचं रक्त कमी होतं आणि मग जंतू धरतात, असं त्याचं म्हणणं. म्हणून चार ते सहा तासांनी, आणि एका वेळी पाचशे मिलिलीटरच्या वर साठू द्यायचं नाही. पाणी किती प्यायचं तेही याच गणितात बसवायचं.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर इजा असेल, तर खाली काहीही बोचलं, म्हणजे भरलेलं मूत्राशय, तुंबलेलं पोट, बेडसोर, अगदी पायाच्या बोटात रुतलेलं नखसुद्धा, तरी खालच्या रक्तवाहिन्या एकदम आवळतात आणि रक्तदाब चढतो. मेंदूचा 'सैल सोडा' हा निरोप तुटलेल्या रस्त्यातून खाली पोचत नाही. माणसाचं डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, कपाळावर घाम येतो आणि नाडी मंद होते. अशा रुग्णाचा रोजचा वरचा दाब नव्वद-शंभर असतो. त्याचा एकशे चाळीस झाला तर इतरांसाठी साधा वाटणारा आकडा त्याच्यासाठी धोक्याचा आहे. आधी उठवून बसवा, पाय खाली सोडा, पट्टे-नाड्या सैल करा, मग नळी तपासा. दाब दर काही मिनिटांनी मोजत राहा. उतरत नसेल तर डॉक्टर ताबडतोब हवा.

हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण डोक्यात बसवलं ते माडावरून पडलेल्या एका रुग्णाच्या बायकोने. गावात डोकेदुखीच्या गोळ्या देऊन त्यांना परत पाठवत होते. तिनेच शोधून काढलं होतं. "ह्यांच्या कपाळावर घाम आला की मी कुणाला विचारीत नाही, मांडीखाली नळी दुमडलीय का ते बघते." ती चौथी शिकलेली होती. मी तिला पुढच्या बॅचच्या मुलींसमोर उभं केलं.

मेंदूच्या मारातून उठलेल्यांचं वेगळंच असतं. जन्मात शिवी न दिलेले गुरुजी सिस्टरला आईवरून शिव्या देतात आणि बायको शरमेने मान खाली घालते. तिला बाजूला घेऊन सांगा, हे गुरुजी बोलत नाहीत, कपाळामागचा दुखावलेला भाग बोलतोय, पुष्कळदा तो निवळतो. पलंगावर झटापट करणाऱ्याचे हात बांधण्याआधी किंवा झोपेचं इंजेक्शन मागण्याआधी बघा, प्राणवायू बरोबर आहे का, लघवी तुंबलीय का, कुठे दुखतंय का. जिभेवर ताबा नसलेल्या माणसाची तक्रार अशीच बाहेर येते. आणि तो उठून बसला म्हणून लगेच चहा पाजू नका. गिळता येतं का ते तपासल्याशिवाय घोटभरही नको. काही जणांना ठसकाही लागत नाही, चहा गुपचूप फुप्फुसात जातो.

बोलता बोलता वेळ संपली. मागच्या ताई केव्हापासून हात वर करून बसल्यात. विचारा. …हो. त्या विचारतायत, "वॉर्डात तीन पाळ्या असतात, घरी मी एकटी आहे. रात्री दर दोन तासांनी उठून मी किती वर्षं काढू?"

दोन तास हा सुरुवातीचा नियम आहे, जन्मठेप नाही. सकाळी कातडी स्वच्छ दिसली तर अर्धा तास वाढवा. दोन-तीन रात्री बघा. डाग नाही आला तर अजून अर्धा. चांगली गादी आणि नीट लावलेल्या उशा असल्या, तर काही जण असे हळूहळू चार तासांवर येतात. डॉक्टर परवानगी देत असतील आणि श्वासाला त्रास नसेल तर पालथं झोपायची सवय लावता येते, त्याने माकडहाडाला पूर्ण सुटी मिळते. मालकांचे हात चालतात ना? मग त्यांना लांब दांड्याचा आरसा आणून द्या, कातडी रोज त्यांनी बघायची आणि तुम्हाला सांगायचं. खुर्चीत बसले की दर पंधरा-वीस मिनिटांनी अंग उचलायचं तेही त्यांचं काम. आणि आठवड्यातून एक रात्र दीर, जाऊ, मोठा मुलगा, कुणीतरी उठायचं. घरच्यांना उद्याच घेऊन या, मी त्यांना उशा लावून दाखवते. वळवताना तुमची कमर कशी वाचवायची तेही दाखवते.