खेळता न आलेला बाप

मित्रहो, चित्रपट संपून दिवे लागले तेव्हा काही जण रुमाल शोधत होते, ते मी पाहिलं. जंगलातल्या त्या प्रसंगांत माझेही डोळे ओलावतात, दर वेळी. तरीही माझी तक्रार आहे ती नेमकी त्याच प्रसंगांबद्दल.

'गुडबाय ख्रिस्तोफर रॉबिन' हा सायमन कर्टिस यांनी दिग्दर्शित केलेला २०१७ सालचा चित्रपट. आपण आत्ता पाहिलं ते असं: पहिल्या महायुद्धातून परतलेला लेखक ए. ए. मिल्न लंडन सोडून ससेक्समधल्या घरी राहायला जातो. बायको रुसून लंडनला निघून गेलेली, आजारी आईच्या शुश्रूषेसाठी दाईही गेलेली. घरात उरतात बाप आणि मुलगा. दोघं अॅशडाउनच्या रानात भटकतात, खेळण्यातल्या अस्वलाला आवाज देतात, आणि त्या खेळातून 'विनी द पू' हे अस्वलाच्या गोष्टींचं पुस्तक जन्माला येतं.

किती छान! फक्त, ज्या मुलाची ही गोष्ट आहे त्यानं जवळजवळ उलट लिहून ठेवलंय.

या मुलाचं, म्हणजे ख्रिस्तोफर रॉबिन मिल्न यांचं, आत्मकथन १९७४ साली आलं. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा, की काही माणसांना लहान मुलांत रमता येतं, वडिलांना ते जमत नसे. पोराशी खेळता येईना, म्हणून ती ओढ दुसरीकडे वळली: ते त्याच्याबद्दल लिहू लागले. लहानपणी त्या मुलाचं सगळं जग म्हणजे दाई ऑलिव्ह. तो तिला 'नू' म्हणायचा. आईवडील ठरावीक वेळी भेटायचे. त्या वर्गातल्या इंग्रजी घरांत तेव्हा हीच रीत होती, त्यामुळे यात कुणाला खलनायक करायचं कारण नाही. (आईला चित्रपटानं जरा जास्तच झोडपलंय, असं मला वाटतं.)

आता अडचण बघा. टेबलाशी एकटा बसून लिहिणारा, पोराला जवळ घ्यायला बुजणारा माणूस पडद्यावर दाखवायचा कसा? दोन तास पाठमोरा बाप कोण बघेल? मग कॅमेरा दोघांना हात धरून रानात नेतो. घडायला हवं होतं ते पडद्यावर घडतं. गंमत अशी, की मिल्ननीही तेच केलं होतं. 'पू'च्या पुस्तकात बाप मुलाला गोष्ट सांगतोय, मुलगा मध्येच प्रश्न विचारतोय. न झालेला खेळ कागदावर झाला. चित्रपटानं बापाची गोष्ट खरी मानली, मुलाची नाही.

एका ठिकाणी मात्र मी या मंडळींना मनापासून दाद देतो. फुगा फुटतो आणि मिल्न जागच्या जागी थिजतो. मधमाश्यांची गुणगुण ऐकून त्याला खंदक आठवतात. खरे मिल्न १९१६ साली सोमच्या लढाईत सिग्नल अधिकारी होते आणि खंदकातल्या तापानं खंगून परतले. आता १९२६च्या पुस्तकातलं पहिलं प्रकरण आठवा. त्यात काय आहे? मधमाश्या, एक फुगा आणि एक बंदूक. मधासाठी फुग्याला लटकून वर गेलेला पू ख्रिस्तोफर रॉबिनला फुग्यावर गोळी झाडायला सांगतो, आणि पहिली गोळी लागते पूलाच! ही सांगड मिल्नच्या मनात होती की नाही, देव जाणे. पण चित्रपट पाहिल्यापासून मला ते प्रकरण पूर्वीसारखं हसत वाचता येत नाही.

बाकी 'खरी प्रेरणा' म्हणाल तर ती दहा ठिकाणची. पहिल्या वाढदिवसाचं अस्वल हॅरॉड्समधलं. 'विनी' हे नाव लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या अस्वलिणीचं. एका कॅनेडियन लष्करी पशुवैद्यानं १९१४ साली ती २० डॉलरला विकत घेतली होती, आणि विनिपेगवरून तिचं नाव ठेवलं होतं. आणि आपण चित्रात बघतो तो गुबगुबीत पू? तो या मुलाचा नव्हेच. पुस्तकाचे चित्रकार शेपर्डनी समोर ठेवलं ते स्वतःच्या मुलाचं अस्वल. घुबड आणि ससा तर खेळण्यांत नव्हतेच.

नाव मात्र पूर्णपणे त्या पोराचंच घेतलं. घरात त्याला 'बिली मून' म्हणत. 'मिल्न' म्हणता येईना म्हणून तो 'मून' म्हणायचा. ख्रिस्तोफर रॉबिन हा जणू बाहेरच्यांचा मुलगा. बोर्डिंग शाळेत शेजारच्या खोलीतली मुलं त्याला चिडवायला, गुडघे टेकून प्रार्थना म्हणणाऱ्या ख्रिस्तोफर रॉबिनच्या कवितेची तबकडी पुन्हा पुन्हा लावायची. शेवटी थट्टा शिळी झाली, तेव्हा त्यांनी ती तबकडी त्याच्याच हातात दिली. त्यानं तिचे बारीक तुकडे केले आणि दूरच्या एका शेतात भिरकावून दिले.

शेवटाबद्दल थोडक्यात. मुलगा बेपत्ता झाल्याची तार आणि मग त्याचं अचानक परतणं, हा सिनेमाचा मसाला. प्रत्यक्षात १९४४ साली इटलीत तो जखमी झाला होता. मिल्नचं युद्धविरोधी पुस्तकही 'पू'च्या आधी नव्हे, नंतर आलं, १९३४ साली. आणि बापलेकांची खरी जवळीक? तीही होती, पण नंतरची. नऊ वर्षांचा मुलगा शाळेत गेला, नू घर सोडून गेली, आणि त्यानंतर सुट्ट्यांमध्ये बापलेकांचं क्रिकेट, गणितं, शब्दकोडी असं गूळपीठ जमलं. त्या वर्षांची गोष्ट कुणी लिहिली नाही, म्हणून तिचा चित्रपटही नाही. पू तोवर लिहून संपला होता.

हा मुलगा पुढे काय झाला असेल? पुस्तकविक्रेता! १९५१ साली त्यानं आणि त्याच्या बायकोनं इंग्लंडमधल्या डार्टमथ गावी पुस्तकांचं दुकान काढलं. आईला ते विचित्रच वाटलं: पूचे चाहते तिथे भेटायला येत राहणार, हे तिला दिसत होतं. आणि ते यायचेच.