ग्लास मी फोडला नाही

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलेलं, थोडं आवरलेलं.)

अध्यक्ष महाराज आणि एवढ्या उकाड्यात पंख्याखालच्या जागा सोडून पुढे येऊन बसलेल्या मंडळींनो,

बाहेरच्या फळ्यावर विषय लिहिलाय, 'स्पॅनिश भाषा, साहित्य आणि सिनेमा : परदेशातलं एक सत्र'. संयोजकांनी फोनवर विचारलं तेव्हा मी भाजी निवडत होते, हो म्हणून बसले. आता लक्षात येतंय की हे एकाच मांडवात लग्न, मुंज आणि बारसं उरकण्यासारखं आहे. तरी प्रयत्न करते. भाषेला वीस मिनिटं, साहित्याला वीस, सिनेमाला वीस. घड्याळ माझ्यासमोरच आहे.

मी सालामांकाला गेले ती २०११ च्या सप्टेंबरात. वय सदतीस, मुलगी आठवीत, बिनपगारी रजा. यातला 'पगार' शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय. सालामांका म्हणजे माद्रिदच्या वायव्येला, बसनं अडीच-तीन तासांवरचं गाव. तिथलं विद्यापीठ १२१८ सालचं. ज्ञानेश्वरीच्याही सत्तर-बहात्तर वर्षं आधीचं! स्थापना केली लेओनचा राजा आल्फोन्सो नववा यानं. आल्फोन्सोचा पोर्तुगीज भाऊ म्हणजे आफोन्सो, आणि आफोन्सोचं आपण काय केलं? हापूस. तेव्हा मी आठ महिने घरी सांगत होते, की मी हापूस नवव्याच्या विद्यापीठात चाललेय. (हशा) बरं झालं हसलात. मागच्या गावात कुणी हसलं नव्हतं.

तिथल्या दर्शनी भिंतीवर कवटीवर बसलेला दगडी बेडूक आहे. तो ज्याला सापडतो तो परीक्षेत पास होतो म्हणतात. कॅथीड्रलच्या दारावर अंतराळवीर कोरलाय, तो १९९२ च्या डागडुजीतला. हे सगळं तुम्हाला मोबाईलवर सापडेल, त्यात वेळ घालवत नाही.

मला बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर, आणि त्यासाठी आधी थोडं रडगाणं गावं लागेल.

मी स्पॅनिश शिकले पुण्यात. कुठे ते सांगत नाही, ती मंडळी चांगली होती, हेतूही चांगला होता. वर्गात आम्ही बावीसजण, त्यातले वीस मराठी. शिकवणाऱ्या बाईही मराठी. आणि शिकवणं सगळं इंग्रजीतून. वर्गात मराठी बोललं की पाच रुपये दंड, त्या पैशांतून वर्षाअखेरीला सामोसे. तिसऱ्या आठवड्यात आला 'मे गुस्ता एल काफे'. आता 'आय लाइक कॉफी' यात कर्ता 'आय'. स्पॅनिशमध्ये तसं नाही. तिथे कर्ता कॉफी, आणि 'मे' म्हणजे 'मला'. बाईंनी फळ्यावर इंग्रजीत लिहिलं, कॉफी मला खूश करते. मग बाण काढले. मग दुसऱ्या रंगाच्या खडूनं उलटे बाण काढले. अनेकवचन आलं की क्रियापद का बदलतं, याचा तक्ता आला. तीन तास, मंडळी. आम्ही वह्यांत बाण उतरवून घेतोय. आणि माझ्या शेजारची सदाशिव पेठेतली मुलगी हळूच म्हणाली, "अगं, म्हणजे 'मला कॉफी आवडते' एवढंच ना?"

पाच रुपये दंड.

पण बघा ना. मला कॉफी आवडते. मला चहा आवडतो. मला पोहे आवडतात. क्रियापद कुणामागे चाललंय? माझ्यामागे नाही, कॉफी-चहा-पोह्यांमागे. गुस्ता, गुस्तान, हाच हिशेब. हे आपल्या आजीला येत होतं. जिला अक्षर कळत नव्हतं त्या आजीला! ते आम्ही इंग्रजीच्या दारातून आत जाऊन, बाण काढून शिकलो. पुण्याहून साताऱ्याला नागपूरमार्गे जावं तसं.

आणि हे एकच वाक्य असतं तर मी गप्प बसले असते. 'मे पारेथे' म्हणजे मला वाटतं. 'मे दा मिएदो', मला भीती वाटते. 'मे दा बेर्ग्वेन्था', मला लाज वाटते. त्याहून मोठी गंमत पुढे आहे. स्पॅनिशमध्ये 'घर बघते' म्हणायचं तर 'बेओ ला कासा'. पण 'बहिणीला बघते' म्हणायचं तर मध्ये एक 'आ' लागतो, 'बेओ आ मि एर्माना'. इंग्रजीवाल्यांना हा 'आ' काही केल्या पचत नाही. माणूस असेल तर 'आ', वस्तू असेल तर नाही, असा नियम पाठ करून घेतात. आपण काय म्हणतो? मी घर पाहिलं. मी बहिणीला पाहिलं. घराला 'ला' नाही, बहिणीला आहे. बरं, कुत्रा? रस्त्यावर मी एक कुत्रा पाहिला. पण हरवलेला, आपला असेल तर? मी आमच्या मोत्याला पाहिलं. स्पॅनिशमध्येही रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्याला 'आ' नाही, घरच्याला आहे! हे कळलं तेव्हा मी सालामांकाच्या ग्रंथालयात एकटीच मोठ्यानं हसले आणि मला 'श्श' झालं.

आता ग्लासची गोष्ट. ही जरा लांबेल.

मी राहत होते तोर्मेस नदीच्या बाजूला उतरत जाणाऱ्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. घरमालकीण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या. रात्री दहाला जेवण, त्याआधी विचारायचं नाही. सोमवारी मसूर. वर एक म्हण ऐकवायच्या, तिचा अर्थ असा की मसूर आहेत, हवे तर खा, नको तर ठेव. स्पॅनिशमध्ये तिला यमकही आहे. पहिल्या आठवड्यात ओट्यावर भांडी विसळताना माझ्या हातून ग्लास निसटला. जाडसर, हिरवट काचेचा, सहाच्या संचातला. आवाज ऐकून बाई आतून आल्या. मी अपराधी चेहऱ्यानं, मनातल्या मनात इंग्रजीतून जुळवून म्हणाले, "ए रोतो एल बासो." मी ग्लास फोडला.

बाई चमकल्या. माझ्याकडे बघितलं, काचेकडे बघितलं. म्हणाल्या, "पोर केए?" का? (हशा) त्यांना वाटलं, ही बाई भारतातून आली, मसूर पाहिले आणि रागानं ग्लास आपटला! मी हातवारे करून दाखवलं, असा, असा निसटला. तेव्हा त्यांचा चेहरा सैल पडला. केरसुणी घेऊन आल्या आणि सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाल्या, "नो, इखा. से ते आ रोतो." इखा म्हणजे पोरी. आणि बाकीचं? नाही गं पोरी, तुझ्या हातून फुटला.

तुझ्या हातून फुटला! काच गोळा करता करता मी जमिनीवरच बसले. हे वाक्य मला जन्मापासून येत होतं. लहानपणी कपबशी फुटली की मी आईला काय सांगायचे? 'मी फोडली' असं कुठलं मूल सांगतं? माझ्या हातून फुटली. फार तर, फुटली. कपबशीच फुटली, मी तिथे होते इतकंच. या वाक्यात मी आहे, पण कर्ता म्हणून नाही. ज्याच्यावर प्रसंग ओढवला तो म्हणून आहे. स्पॅनिशमध्ये चावी हरवते ती अशीच, दूध उतू जातं ते असंच. पुण्यात हा धडा आम्हाला 'अपघाती से' अशा भयंकर नावाखाली दुसऱ्या वर्षाच्या शेवटी शिकवला होता, आणि परीक्षेत तो ऐच्छिक होता.

त्याच महिन्यात कपाटाचं दार लोंबायला लागलं. कपाटाचं दार हे सांगता येत होतं, पण ते ज्यावर फिरतं त्याला काय म्हणतात? शब्दकोश खोलीत राहिला होता. वैतागून मी मराठीत म्हणाले, "अहो, बिजागरी, बिजागरी!" आणि बाई म्हणाल्या, "आ, ला बिसाग्रा!" आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आल्या. मी दारासारखीच लोंबत राहिले. बिजागरी आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आली, गोव्याच्या आणि वसईच्या वाटेनं. पोर्तुगीज आणि स्पॅनिश सख्ख्या बहिणी. पगारही त्याच घरचा, स्पॅनिशमध्ये 'पागार' म्हणजे पैसे देणं. पाव तिकडे 'पान' आहे, बटाटा 'पाताता'. म्हणजे घरात सामान आधीच येऊन पडलंय आणि आपण दुकानात रांग लावून उभे.

आणखी एक, मग पुढे जाते. थॉमस स्टीफन्स, आपला क्रिस्तपुराणवाला, म्हणजे मराठीत ख्रिस्ताचं पुराण लिहिणारा पाद्री, जन्मानं इंग्रज. त्यानं कोकणीचं व्याकरण लिहिलं, ते १६४० मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं. कोणत्या भाषेतून लिहिलं? पोर्तुगीजमधून! तो इंग्रज असून इंग्रजीच्या वाटेनं गेला नाही, आणि आपण मराठी असून...

चिठ्ठी आली. 'पंधरा मिनिटे.' कशाची पंधरा? राहिलेली की झालेली? राहिलेली. बरं. मग साहित्य आणि सिनेमा पंधरा मिनिटांत, धावत.

साहित्य. सालामांकाच्या जुन्या रोमन पुलाशी एक दगडी बैल आहे, मुंडकं नसलेला. १५५४ साली छापलेल्या 'लाथारियो दे तोर्मेस' या छोट्या कादंबरीत एक आंधळा भिकारी आपल्या पोरसवदा वाटाड्याला तिथे नेतो. म्हणतो, बैलाला कान लाव, आत मोठा आवाज ऐकू येईल. पोरानं कान लावला की त्याचं डोकं दगडावर आपटतो. आंधळ्याच्या पोरानं सैतानापेक्षा काकणभर जास्त शहाणं असावं लागतं, हा पहिला धडा. लेखकाचं नाव आजवर कळलेलं नाही. १५५९ मध्ये इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, पुस्तकावर बंदी घातली. आम्हाला हे पुस्तक वर्गात पाच आठवडे होतं आणि एका दुपारी सरांनी सगळ्या वर्गाला बैलापाशी नेलं. अमेरिकन मुलांनी फोटो काढले. मी कान लावून पाहिला. थंडगार, बाकी काही नाही.

मुद्दा असा की ते सगळं पुस्तक एक अर्ज आहे. कुणा बड्या असामीला उद्देशून, 'बुएस्त्रा मेर्थेद' म्हणत म्हणत. शब्दशः म्हणजे 'आपली कृपा'. तेच झिजून झिजून आजचं 'उस्तेद' झालं, आदराचं तुम्ही. इंग्रजी भाषांतरात ते 'यू' होतं आणि पोराच्या पाठीचा कणा अचानक ताठ होतो. मराठीत 'मायबाप सरकार' म्हणा, लगेच वाकतो. आणि हा पोरगा आपल्या भानगडी कशा सांगतो? मी केलं असं फार कमी. असं घडलं, तसं झालं, माझ्यावर वेळ आली. ग्लास फुटला!

दुसरं, फ्राय लुईस दे लेओन. कवी आणि सालामांकाचा प्राध्यापक. बायबलमधलं प्रेमगीत लोकभाषेत आणलं, लॅटिन बायबलच्या चुका काढल्या, म्हणून १५७२ मध्ये त्याला धरला. जवळपास पाच वर्षं तुरुंगात. त्याचा वर्ग अजून ठेवलाय, बाकं म्हणजे नुसते ओबडधोबड लाकडी ओंडके. सुटून आल्यावर पहिल्या तासाला तो म्हणाला, 'देथीआमोस आयेर', काल म्हणत होतो त्याप्रमाणे. दंतकथा असेल, पण मला तिचा वेगळाच त्रास झाला. मराठीत आणायची तर 'आपण काल म्हणत होतो' की 'आम्ही काल म्हणत होतो'? स्पॅनिशला फरक करावा लागत नाही, आपल्याला करावाच लागतो. 'आम्ही' म्हटलं तर गुरुजी चौरंगावर बसले. 'आपण' म्हटलं तर ती सगळी पोरं पाच वर्षं त्याच्याबरोबर बोलत बसली होती असं होतं. मी 'आपण' लिहिलं. सरांना हे समजावायला मला अर्धा तास लागला, आणि माझ्या स्पॅनिशचा तो सगळ्यात चांगला अर्धा तास.

सिनेमा. दुसरी चिठ्ठी आली, दिसली मला.

१९४१ मध्ये स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या सरकारनं परदेशी चित्रपट स्पॅनिशमध्ये डब करणं सक्तीचं केलं. डबिंग म्हणजे सेन्सॉरच्या हातात कात्रीच नव्हे, सुईदोराही. अमेरिकन दिग्दर्शक जॉन फोर्डच्या 'मोगाम्बो'मध्ये नटी ग्रेस केली विवाहित दाखवलीय, तिचं दुसऱ्यावर मन जडतं. हे चालेना, म्हणून संवाद बदलून नवरा-बायकोला बहीण-भाऊ केलं. व्यभिचार टळला, पण त्या बहीण-भावाचं वागणं पडद्यावर नवरा-बायकोसारखंच! (हशा) हो, हे खरं आहे.

आणि माझा खरा मुद्दा स्पॅनिश दिग्दर्शक बुन्युएलच्या 'बिरिदियाना' या चित्रपटावर होता, १९६१. शेवटी नायिका रात्री नात्यातल्या भावाचं दार ठोठावते आणि आत जाते, असं मूळ संहितेत होतं. सेन्सॉरनं हरकत घेतली. बुन्युएल म्हणाला ठीक. नव्या शेवटात ती दार ठोठावते, आत भाऊ आहे आणि मोलकरीणही आहे, आणि तिघं पत्ते खेळायला बसतात. कुणीच काही करत नाही. कर्ता सापडतच नाही, आणि पाहणाऱ्याला आधीपेक्षा कितीतरी जास्त कळतं. कान महोत्सवात पाम द'ओर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, मग व्हॅटिकनचं वृत्तपत्र खवळलं आणि स्पेननं स्वतःच्याच चित्रपटावर बंदी घातली. तिथे तो १९७७ मध्ये लागला. सेन्सॉर 'मी फोडला' एवढंच वाक्य शोधत होता, आणि त्याच्याच भाषेत 'फुटला' म्हणायची सोय होती. हे नीट मांडायला मला वीस मिनिटं हवी होती. दोन तुकडे दाखवणारही होते, पेन ड्राइव्ह पर्समध्येच आहे.

अध्यक्ष उभेच राहिले. एकच सांगते. मराठीतून थेट स्पॅनिश शिकवणारं एक पुस्तक मी लिहायला घेतलंय. सहा धडे झालेत. सातव्यात 'सेर' आणि 'एस्तार' आलेत. दोन्हींचा अर्थ 'असणं', पण कुठे कुठलं वापरायचं याला आपल्या 'आहे'-'असतो'चा उपयोग थोडाच होतो, पुढे नाही. तिथे चार महिने अडकलेय. सभागृहात कुणी प्रकाशक असतील तर चहाच्या वेळी भेटा. कुणी व्याकरणवाले असतील तर आधी भेटा.