अल्मोडा: खोगिरावर वसलेलं शहर

सकाळचे सात वाजलेत. अल्मोड्याच्या लाला बाजारातली दुकानं अजून उघडायची आहेत. इथे गाड्या येत नाहीत, त्यामुळे पावलांचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. आता जरा मान वर करा आणि ही खिडकी बघा. देवदाराची चौकट, तिच्यावर वेलबुट्टी, कमानीत बारीक नक्षी. लाकडावरच्या या कामाला कुमाऊँमध्ये, म्हणजे उत्तराखंडाच्या या डोंगराळ भागात, 'लिखाई' म्हणतात. लिखाई, म्हणजे लिहिणं. या बाजारात दुतर्फा अशी लिहिलेली घरं उभी आहेत. काही नीट जपलेली, काही वाकलेली, तर काहींच्या जागी सिमेंट आलंय. छतावरच्या या पातळ दगडी फरशांना पटाल म्हणतात. एकेकाळी रस्त्यावरही हाच दगड होता. दुरुस्त्या होत गेल्या तशी फरशी बदलली, पण लोकांच्या तोंडी अजून 'पटाल बाजार'च आहे.

हिमालयातली थंड हवेची ठिकाणं म्हटली की आपल्याला मसुरी आणि नैनिताल आठवतात. ती इंग्रजांनी वसवली. अल्मोडा त्यांच्या कितीतरी आधीचं. कुमाऊँवर राज्य करणाऱ्या चंद राजांनी सोळाव्या शतकात आपली राजधानी चंपावतहून इथे हलवली. समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर, घोड्याच्या खोगिरासारखी बसकी झालेली ही डोंगराची धार आहे. एका बाजूला कोसी नदी वाहते, दुसऱ्या बाजूला सुयाल. या खोगिरावर बाजार बसला, महाल झाला, देवळं झाली. शहराच्या मधोमध असलेला मल्ला महाल म्हणजे या चंद राजांचीच जागा. राजा बाजबहादूर चंद याने गढवालवर स्वारी केली आणि येताना नंदादेवीची मूर्ती आणली, असं इथे सांगतात. तेव्हापासून नंदादेवी अल्मोड्याची झाली. भाद्रपदात तिची जत्रा भरते. त्या वेळी केळीच्या खांबातून देवीची मूर्ती घडवतात, आणि सगळं शहर तिला निरोप द्यायला रस्त्यावर येतं, माहेरवाशिणीला देतात तसा.

१७९० मध्ये नेपाळचे गुरखे चालून आले. १८१५ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी त्यांच्याकडून अल्मोडा घेतलं. मलेरियाचा प्रसार डासांमधून होतो हे दाखवून १९०२ चं नोबेल मिळवणारे रोनाल्ड रॉस १३ मे १८५७ रोजी इथेच जन्मले. मेरठच्या उठावाला तेव्हा जेमतेम तीन दिवस झाले होते. अल्मोड्याच्या तुरुंगात जवाहरलाल नेहरू दोनदा होते. पण मला या सगळ्यांहून मोठी वाटते ती इथल्या साध्या गावकऱ्यांची एक गोष्ट.

साहेब दौऱ्यावर निघाला की त्याचं सामान वाहून न्यायचं, तेही फुकट, अशी सक्ती डोंगरातल्या शेतकऱ्यांवर होती. तिला 'कुली बेगार' म्हणत. पाळी कुणाची, हे गावोगावच्या वह्यांत लिहिलेलं असे. १९२१ च्या संक्रांतीला बागेश्वरला उत्तरायणीची जत्रा भरली होती. बागेश्वर तेव्हा अल्मोडा जिल्ह्यातच होतं. अल्मोड्याहून 'शक्ती' हे साप्ताहिक चालवणारे बद्रीदत्त पांडे आणि त्यांचे सहकारी तिथे पोचले. हजारो लोकांनी यापुढे बेगार न करण्याची शपथ घेतली आणि गावच्या प्रधानांनी त्या वह्या शरयूच्या पाण्यात सोडून दिल्या. गोळी नाही, लाठी नाही. बेगार गेली.

आता करबला नावाच्या या वळणावर थांबू. १८९० मध्ये स्वामी विवेकानंद चालत अल्मोड्याकडे येत होते. शहर अगदी टप्प्यात आलं असताना भुकेने त्यांना भोवळ आली. समोर कब्रस्तान होतं. तिथल्या एका मुसलमान फकिराजवळ द्यायला फक्त एक काकडी होती, ती त्याने दिली. काही वर्षांनी विवेकानंद परत आले तेव्हा ते जगभर ठाऊक झाले होते. स्वागताच्या गर्दीत त्यांनी त्या माणसाला ओळखलं आणि यानेच माझा जीव वाचवला, असं सगळ्यांसमोर सांगितलं. त्या जागी आज एक छोटं विश्रामस्थळ आहे. येणाऱ्या गाड्या बहुतेक त्याच्यासमोरून सरळ निघून जातात.

समोरच्या देवदारांच्या टेकडीचं नाव सिमतोला. १९३० च्या दशकाच्या शेवटी नर्तक उदय शंकर यांनी इथे आपलं कला केंद्र काढलं. चार-पाच वर्षंच ते चाललं. पण त्या काळात एक मुलगा इथे नाच शिकत होता. केंद्र बंद पडल्यावर, १९४४ मध्ये, तो पुण्याला 'प्रभात'मध्ये नोकरीला लागला. तो मुलगा म्हणजे गुरुदत्त.

पुण्याचंच नाव निघालंय तर बाजाराच्या खालच्या अंगाला, टमटा मोहल्ल्यात चला. पुण्यात जशी तांबट आळी, तसा इथे टमटा मोहल्ला. ठोक्यांचा आवाज मात्र आता कमी घरांतून येतो, कारण यंत्रावरची भांडी स्वस्त पडतात. आकार झाल्यावर तांब्याच्या गागरीवर छोट्या हातोडीने एकामागून एक ठोके पडतात. बोट फिरवलंत तर प्रत्येक ठोका हाताला लागतो. विकत घ्यायचं असेल काही, तर हे घ्या.

आणि बाल मिठाई घ्याच. खवा तपकिरी होईपर्यंत परततात, वड्या पाडतात आणि त्यांच्यावर साखरेचे पांढरे दाणे चिकटवतात. सिंगोडी ही खव्याचीच मिठाई, ती मालूच्या वेलीच्या पानाच्या द्रोणात मिळते. जेवायला बसलात तर मराठी जिभेला ओळखीचं बरंच सापडेल. मडुव्याची रोटी म्हणजे आपली नाचणीची भाकरी. गहतची डाळ म्हणजे कुळीथ. जोडीला भटची चुडकाणी, म्हणजे काळ्या सोयाबीनची आमटी.

इथून आठ-नऊ किलोमीटरवर चितईचं देऊळ. गोलू देवता हा न्यायाचा देव. कोर्टकचेऱ्यांत थकलेली माणसं चक्क स्टँप पेपरवर अर्ज लिहून इथे बांधतात आणि न्याय मिळाला की घंटा वाहतात. त्या हजारो घंटा वाऱ्याने किणकिणत असतात. एखादा अर्ज वाचायचा मोह झाला तरी वाचू नका. ती कुणाची तरी खासगी गोष्ट आहे.

कोसीच्या पलीकडे डोंगरावर कटारमलचं सूर्यमंदिर आहे. मुख्य देवळाभोवती चव्वेचाळीस लहान देवळं. सकाळीच गाठा, उन्हाची पहिली तिरीप अंगणात येते तेव्हा. आणि ३५ किलोमीटरवरच्या जागेश्वरला शक्य असेल तर मुक्काम करा. गर्द देवदारांमध्ये सव्वाशेच्या आसपास दगडी देवळं आहेत. ज्योतिर्लिंगांच्या श्लोकात 'नागेशं दारुकावने' म्हटलंय, त्यातलं दारुकावन हेच, असं इथले पुजारी सांगतात. आपल्या औंढा नागनाथचे लोकही त्यांच्या गावाबद्दल तेच सांगतात. वाद घालू नये. देवदारांखाली शांत बसावं.

हिमशिखरांसाठी बिनसरचं अभयारण्य. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा धुतल्यासारखी असते. त्रिशूल, नंदादेवी, पंचचूली अशी रांग उलगडत जाते. उन्हाळ्यात मात्र चीडच्या, म्हणजे पाइनच्या झाडाच्या, वाळलेल्या सुया, म्हणजे पिरूल, वणव्याला आमंत्रण देतात. जून २०२४ मध्ये याच जंगलात आग विझवताना वनकर्मचाऱ्यांनी जीव गमावला. इथे काडी पेटवू नका, हे हात जोडून सांगतो.

परतताना सुयालच्या काठी, लखुडियारला गाडी थांबवा. नागाच्या फण्यासारखा पुढे झुकलेला खडक आहे. त्याच्यावर इतिहासपूर्व काळातली माणसं काढलेली आहेत. सगळ्यांत खाली काळा रंग, त्यावर गेरूचा लाल, त्यावर पांढरा. पिढ्या बदलल्या तसे थर चढले. ऊन-पावसाने पुष्कळ पुसलंय. पण नीट बघा, इथे डावीकडे. हातात हात धरून एक ओळ नाचतेय.