ढोल घातला म्हणून बँड आपला होत नाही

मंडळी, आजचा विषय ब्लॅक मेटल, म्हणजे हेवी मेटल संगीतातला एक कर्कश प्रकार. तो ऐकून पुढच्या रांगेतल्या ज्येष्ठांनी कानात कापूस घातला असेल तर काढा. मी काही वाजवून दाखवणार नाही.

ब्लॅक मेटल हे नाव आलं व्हेनम या इंग्लिश बँडच्या १९८२ सालच्या अल्बमवरून. आजचा घाट दिला तो नव्वदीच्या सुरुवातीला नॉर्वेतल्या पोरांनी. गिटारच्या एकाच तारेवर पिक इतकं झरझर खालीवर चालतं की सुटे स्वर उरतच नाहीत, सलग गुंजन होतं. मागं ड्रमचा ब्लास्ट बीट, म्हणजे अतिवेगवान सलग ठोके, वर किंकाळी. त्याच वर्तुळात चर्च जाळण्याचे गुन्हेही झाले. त्याचं कौतुक करणाऱ्याला माझ्याकडे चहा मिळत नाही.

आपल्या बेळगावातल्या टिळकवाडी-शहापूरची पोरं रेकॉर्डिंग ऐकवायला आणतात. पहिलं मिनिट नॉर्वे, मग जॅझ, मग ढोल-ताशा, शेवटी तंबोरा. ‘सर, एक्सपेरिमेंटल आहे.’ असेल बाबा! पण त्यात तुम्ही कुठं आहात?

नॉर्वेचा डार्कथ्रोन बँड बघा. १९९१चा पहिला अल्बम डेथ मेटल या मेटलच्याच दुसऱ्या प्रकाराचा, वाजवायला अवघड, सफाईदार. पुढच्याच वर्षी त्यांनी ती सफाई टाकून दिली. १९९४च्या ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’मध्ये गिटार, बेस, ड्रम सगळं त्यांच्या ड्रमर फेनरिझनं एकट्यानं वाजवलं, तेही घरगुती चार ट्रॅकांच्या रेकॉर्डिंग यंत्रावर. तोच तो ठेका, खरखरीत आवाज. एवढं काढून टाकल्यावर जे राहिलं, ते दोन सेकंदांत ओळखू येतं. उलट नॉर्वेचाच उल्व्हर बँड १९९६ साली निव्वळ अकूस्टिक, १९९७ला कानठळ्या बसवणारा, २०००पर्यंत थेट इलेक्ट्रॉनिक. पण एका अल्बममध्ये एकच हट्ट, आणि तो शेवटपर्यंत. माझ्या मते मेख इथंच आहे.

लांब कशाला, सुळेभावी गाव इथून हाकेच्या अंतरावर. कुमार गंधर्व १९२४ साली तिथं जन्मले. क्षयातून उठल्यावर त्यांचं गाणं छोट्या, नेमक्या स्वरसमूहांचं झालं. देवासला राहून त्यांनी माळव्याची लोकगीतं मनापासून ऐकली. पण ख्यालाला लोकगीताचं ठिगळ लावलं नाही, त्या धुनांतून नवे राग उभे केले. ढोलाचंही तसंच करा. ढोल वाजवूच नका; त्याची चाल गिटारच्या उजव्या हातात उतरते का बघा. उतरली नाही तर तो ढोल तुमचा नव्हताच, पोस्टरवरचा होता.

आता मागून चिठ्ठी आलीय, बेळगावात येणारच होती: ‘गाणी मराठीत की कन्नडमध्ये?’ अहो, त्या किंकाळीत नॉर्वेच्या माणसालाही शब्द धड कळत नाहीत! उल्व्हरनं पहिला अल्बम तर जुन्या वळणाच्या डॅनिश-नॉर्वेजियनमध्ये गायला. तालमीत ड्रमर चुकला की त्याच्यावर ज्या भाषेत खेकसता, तिच्यात लिहा. दोन्हींत खेकसत असाल तर दोन्हींत लिहा. दुकानाच्या पाटीवर कुठली ओळ वर, हा तंटा मात्र गाण्यात आणू नका. त्याला बाहेर भरपूर माणसं मोकळी आहेत.